अर्धा आयनार

वेस्टरक्लिट या मच्छीमार गावाच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावालाही एवढी माणसं कधी जमत नसत. डिसेंबरातली संध्याकाळ, समुद्रावरचा वारा कान कापत होता, तरी निम्मं गाव लोकरी टोप्या भुवयांपर्यंत ओढून, थर्मासमधली कॉफी एकमेकांना देत उभं होतं. मधोमध तिपाईवर एक पांढरी दुर्बीण. तिच्या मागच्या टोकाला, जिथं एरवी माणूस डोळा लावतो तिथं, धातूच्या पट्टीनं आवळून बसवलेला खिशात मावेल असा चंदेरी डिजिटल कॅमेरा. आणि कॅमेऱ्याशेजारी, गळ्यात पांढरा रेशमी रुमाल बांधून, फ्लेमिंग रोसेनलुंड.

हा फ्लेमिंग दोन वर्षांपूर्वीपर्यंत दारोदार व्हॅक्युम क्लीनर विकायचा. आता तो स्वतःला 'प्रकाशवाचक' म्हणवून घेत होता. जिभेला वळण तेच होतं, माल फक्त बदलला होता.

"शांत व्हा, मित्रांनो," तो म्हणाला. "आज कोण येणार ते मला माहीत नाही. मी नुसता दार उघडणारा. आत कोण येतं ते पलीकडचे ठरवतात."

त्यानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मागच्या इवल्याशा पडद्यावर फोटो उमटला आणि पुढच्या रांगेतली डोकी एकमेकांवर आदळली.

"ही काळी कड बघितलीत? चारी बाजूंनी अंधार आणि मध्ये गोल उजेड. हा बोगदा! मरणाच्या दारातून परत आलेला प्रत्येक जण या बोगद्याबद्दल सांगतो. विज्ञानाला तो सापडत नाही, माझ्या कॅमेऱ्याला सापडतो." मग त्यानं आवाज खाली आणला. "बोगद्याच्या या बाजूला चंद्र. आणि त्या बाजूला..."

त्या बाजूला एक लहानसा हिरवट उजेड तरंगत होता. आकाशात नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. लोकांनी वर पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि 'अरे देवा' असं दहा-बारा तोंडांतून एकदम निघालं.

"किर्स्टीन," फ्लेमिंग म्हणाला, "हा तुझा आहे."

किर्स्टीन पुढं आली. साठीची, सडपातळ बाई; नवऱ्याचा निळा स्वेटर तिनं कोटाच्या आत घातला होता आणि त्याच्या बाह्या तिच्या बोटांपर्यंत येत होत्या. तिनं पडद्याला बोट लावलं. "आयनार," ती एवढंच म्हणाली.

गर्दीच्या मागे आस्गर टोरुप उभा होता. गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात त्याची हयात गेली होती. आयनार त्याचा थोरला भाऊ. मार्चमधल्या वादळात आयनारची होडी गेली. फळ्या किनाऱ्याला लागल्या, आयनार लागला नाही. चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड होता, दगडाखाली कुणी नव्हतं. तो हिरवा ठिपका पाहिला आणि क्षणभर आस्गरही फसला. डोळे बारीक करून त्या ठिपक्यात तो भावाची मान तिरकी ठेवायची लकब शोधायला लागला. आपण काय करतोय हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःचा इतका राग आला की थंडी पळाली.

मेल्यावर माणसाचा आत्मा होतो, ठीक आहे. पण तो हिरवा का होतो, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नाही.

आस्गर पुढं घुसला आणि पडद्यावर वाकला. आकाशातला चंद्र अष्टमीचा, बरोबर अर्धा होता. फोटोतल्या चंद्राचा नुसता पांढरा भगभगीत गोळा झाला होता, पण तो हिरवा ठिपका रेखीव होता. आणि तोही अर्धा होता. फक्त उलटा.

"फ्लेमिंग, एक विचारू? माझा भाऊ अर्धाच कसा आला?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. फ्लेमिंगला मात्र जणू मिठाईच मिळाली.

"सुंदर प्रश्न! आत्मा एकदम येत नाही, मित्रा. त्याला सवय व्हावी लागते. किर्स्टीन, पहिल्या भेटीत तो केवढा होता? नखाएवढी कोर! आज अर्धा. पौर्णिमेच्या संध्याकाळी तुझा नवरा पूर्ण होऊन येईल. तो तुझी वाट बघतोय."

"चंद्रही पौर्णिमेलाच पूर्ण होतो," आस्गर म्हणाला.

"बघा!" फ्लेमिंगनं दोन्ही हात पसरले. "चंद्रसुद्धा त्याला साथ देतोय!"

लोकांनी माना डोलावल्या. असल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे ओल्या साबणाला चिमटा काढणं, हे आस्गरला कळून चुकलं. भेट फुकट होती. भेटीचा फोटो मात्र विकत घ्यावा लागे, आणि किर्स्टीननं तोही घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आस्गर भावजयीकडे गेला. फ्रिजवर चुंबकांनी ते फोटो ओळीनं लावले होते: कोर, जाड कोर, अर्धा. किर्स्टीननं कॉफी ओतली, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून बशी पुढं सरकवली. तिचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता इतका शांत होता. त्या शांतपणानंच आस्गरला धास्ती वाटली. मग त्याची नजर खिडकीतल्या गोळ्यांच्या डबीकडे गेली. सोमवार ते रविवार, सगळे कप्पे भरलेले.

"किर्स्टीन, हृदयाच्या गोळ्या घेतेस ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"तो वाढायला लागला तेव्हापासून." तिनं साखर ढवळली. "पौर्णिमेनंतर काय करायच्या आहेत मला त्या? तो पूर्ण होऊन येणार, मग मी जाणार. त्याला ताटकळत कशाला ठेवू? आयुष्यभर मी त्याची वाट बघितली, आता तो माझी बघतोय."

"हे फ्लेमिंगनं सांगितलं तुला?"

"वाट बघतोय एवढंच तो म्हणाला. पुढचं मला कळतं. मी काही खुळी नाही."

आस्गर उठला, पुन्हा बसला. "मी डॉक्टरांना सांगेन."

"सांग. ते काय, माझा जबडा उघडून गोळी टाकणार आहेत?" मग ती पुढं झुकली. "तू शास्त्र शिकवतोस. मला सांग, फ्लेमिंगनं फोटो सगळ्यांसमोर काढला की नाही? त्यात काही चिकटवलं का? तो फोटो खोटा आहे का?"

आस्गरला खोटं बोलता आलं नाही. "फोटो खरा आहे," तो म्हणाला. "त्यातला आयनार खरा आहे का, ते मला बघू दे."

"का? तुला त्याला दुसऱ्यांदा बुडवायचंय?"

कॉफी तशीच टाकून तो निघाला.

शाळेच्या कपाटातली जुनी दुर्बीण त्यानं उचलली, घरातला छोटा कॅमेरा खिशात टाकला आणि तडक धक्क्यावर गेला. धक्क्याच्या टोकाला युटेची सॉसेजची गाडी होती. युटे गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिच्या गाडीवर भाजलेलं सॉसेज आणि गावातल्या बातम्या दोन्ही गरम मिळत.

"आस्गर, तूपण आत्मे पकडायला लागलास?" तिनं लांबूनच हाक दिली. "माझी सासू दिसली तर माझा नमस्कार सांग आणि तिथंच थांब म्हणावं."

आस्गरला वाटलं होतं, कॅमेरा दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला टेकवला की काम झालं. हातात धरून काढलेल्या फोटोंत चंद्राच्या जागी पांढऱ्या रेघोट्या आल्या. मग कॅमेऱ्यानं आपणहून फ्लॅश मारला. फोटोत आस्गरचा अंगठा फार सुरेख आला. कॅमेरा चालू करताना त्याचं पुढचं नाकाड बाहेर आलं आणि दुर्बिणीच्या भिंगावर टक्कन आपटलं.

"हा आत्मा की अंगठा?" युटेनं पडद्यात डोकावून विचारलं.

"अंगठा."

"किर्स्टीनला दाखवू नकोस. तिला तो आजोबांचा वाटायचा."

शेवटी नळाच्या प्लास्टिक पाइपाचा एक तुकडा आणि होडीवाल्यांची काळी चिकटपट्टी कामाला आली. पाइपाचं एक तोंड दुर्बिणीच्या भिंगावर घट्ट बसलं, दुसऱ्यात कॅमेऱ्याचं नाक. दोन्ही भिंगं अगदी जवळ, पण न टेकता, एका रेषेत. फ्लॅश बंद. जवळचं टिपायची सोय बंद, नजर दूरवर कायम. बोट लागलं की सगळं हलायचं, म्हणून बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी सोय लावली. आणि नेमके ढग आले. चंद्र गेला.

ढग दुसऱ्या दिवशीही तसेच. पौर्णिमा जवळ येत होती आणि आस्गर आकाशाकडे बघून शिव्या घालत होता.

"एवढा जीव काढतोयस तर माझ्या दिव्यावर सराव कर की," युटे म्हणाली. तिच्या गाडीच्या कपाळावर दुधी काचेचा एक गोल दिवा होता. "तोही गोल आहे, आणि महिनाभर एकाच आकाराचा असतो. चंद्रापेक्षा भरवशाचा."

आस्गरनं दुर्बीण धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि दिव्यावर रोखली. पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो फ्लेमिंगचा 'बोगदा': चारी बाजूंनी काळी कड, मध्ये गोल. आस्गरनं कॅमेऱ्याचा झूम थोडा वाढवला. कड बाहेर सरकली आणि नाहीशी झाली. मरणाचा बोगदा एका बोटानं बुजला. कॅमेरा रुंद नजरेनं बघत होता म्हणून त्याला दुर्बिणीच्या भिंगाची गोल चौकट दिसत होती, बस. दाराच्या भोकातून बघितलं की भोकाची कड दिसते, तसं.

झूम परत कमी करून त्यानं फोटो काढला, आणि पडद्याकडे बघत तो नुसता उभा राहिला. मग त्यानं अशी हाक मारली की युटे सॉसेज निखाऱ्यावर टाकून धावत आली.

दिवा पडद्याच्या डाव्या बाजूला. आणि उजव्या बाजूला, अंधारात तरंगत, लहानसा, गोल, हिरवा उजेड.

युटेनं बराच वेळ बघितलं. "आस्गर," ती म्हणाली, "माझ्या गाडीवर हा कोण मेलाय?"

ढग फाटले त्या संध्याकाळी उरलेलं कोडंही सुटलं. आस्गरनं चंद्र पडद्यावर डावीकडे नेला, ठिपका उजवीकडे गेला. चंद्र वर, तर ठिपका खाली. चंद्र बरोबर मधोमध आणला, तर ठिपका थेट चंद्रावरच येऊन पडला आणि त्या उजेडात बुडून गेला. फोटो जरा काळसर काढला, म्हणजे चंद्रावरचे खड्डे नीट दिसतील इतपतच उजेड आत घेतला, तर ठिपका दिसेनासाच झाला. चंद्राचा उजेड कॅमेऱ्यात शिरताना थोडासा आतल्या काचांवरून मागे उडत होता, दुर्बिणीच्या भिंगावर आपटून परत येत होता, आणि चंद्राचंच एक लहानसं, उलटं चित्र समोरच्या बाजूला उमटवत होता. काचेवरच्या लेपामुळे हिरवं. डोळ्याला ते दिसत नव्हतं, कारण ते आकाशात नव्हतंच. ते कॅमेऱ्याच्या पोटात होतं.

फ्लेमिंग चंद्र नेहमी कडेला का ठेवतो आणि इतका भगभगीत का काढतो, हे आता उघड झालं. ज्याचा आत्मा 'आज रुसलाय' असं तो सांगे, त्याच्या वेळी चंद्र मधोमध असे.

आस्गर युटेच्या गाडीच्या पायरीवर बसला. जिंकल्याचा आनंद वाटायला हवा होता. त्याऐवजी त्याला मार्चनंतर पहिल्यांदा रडू आलं. युटेनं त्याच्या हातात सॉसेज दिलं, वर भरपूर तळलेला कांदा घातला आणि पाठ फिरवून उगाचच तवा घासत राहिली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी, सूर्य समुद्रात बुडतो न बुडतो तोच गावाच्या छपरांवरून चंद्र वर आला. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. फ्लेमिंगनं रेशमी रुमाल बदलून सोनेरी बांधला होता. किर्स्टीन केस विंचरून, नेहमीचा कोट सोडून लग्नकार्यातला कोट घालून आली होती. तिचे ओठ निळसर दिसत होते आणि धक्क्यावरचं थोडंसं अंतर चालून तिला धाप लागली होती.

"आज," फ्लेमिंग म्हणाला, "तो पूर्ण आलाय!"

पडद्यावर हिरवा, वाटोळा, भरीव ठिपका होता. किर्स्टीननं डोळे मिटले.

"माझ्याकडेही एक आलाय," मागून आस्गर म्हणाला. "पण त्याला कुणी ओळखत नाही. जरा येऊन बघता का?"

त्याची पाइप लावलेली, चिकटपट्टीनं गुंडाळलेली दुर्बीण चंद्राकडे पाठ करून उभी होती. लोकांनी डोकावून पाहिलं. युटेचा दिवा, आणि समोर हिरवा आत्मा.

"कोण हो हा?" एका म्हाताऱ्या मच्छीमारानं विचारलं.

"सॉसेजमधलं डुक्कर असणार," युटे म्हणाली. "भल्या स्वभावाचं होतं. मी क्षमा मागितलीय."

धक्का हसण्यानं हादरला. फ्लेमिंग मात्र मुरलेला होता. "हसा," तो दुःखी आवाजात म्हणाला. "प्लास्टिकच्या नळीतून प्लास्टिकचाच आत्मा दिसणार! खोटी नाणी निघतात म्हणून खरं नाणं खोटं होत नाही. हा नुसता काचेचा खेळ आहे. माझा प्रकाश खरा आहे."

"मग तुझ्या दुर्बिणीवर एकच करून दाखव," आस्गर म्हणाला. "चंद्र मधोमध आण."

"आत्मे हुकूम ऐकत नाहीत!"

"मला करू दे," किर्स्टीन म्हणाली.

ती दुर्बिणीजवळ येऊन उभी होती. फ्लेमिंगनं झटकन कॅमेऱ्यावर हात ठेवला. पडदा काळा झाला.

"अरेरे! थंडीनं बॅटरी गेली. पलीकडच्यांचा संकेत असतो हा. आता पुढच्या पौर्णिमेला..."

"काळजी नको," युटेनं गाडीतल्या रेडिओचं झाकण उघडलं. "चार आहेत. परवाच घातल्यात. पलीकडच्यांना सांग, युटेकडून भेट."

म्हाताऱ्या मच्छीमारानं फ्लेमिंगचा खांदा अगदी प्रेमानं धरून त्याला बाजूला केलं. बॅटऱ्या बदलल्या. पडदा उजळला: चंद्र एका बाजूला, हिरवा गोल दुसऱ्या बाजूला.

किर्स्टीननं दुर्बीण सरकवायची चकती हळूच फिरवली. चंद्र सरकला, आणि हिरवा गोलही सरकला, उलट दिशेनं. तिनं चकती परत फिरवली. तो परत आला. डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिली आणि तो पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. शेवटी तिनं चंद्र मध्ये आणला. हिरवा गोल त्याच्या उजेडात शिरला आणि विरघळला.

आस्गर तिच्या अगदी मागे येऊन उभा राहिला. आत्ता ही कोसळली तर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"हा आयनार नाही," किर्स्टीन म्हणाली. "आयनारनं जन्मात माझं एवढं ऐकलं नाही."

आधी तीच हसली. मग हसता हसता तिचा चेहरा मोडला आणि ती आस्गरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मार्चमध्ये दगडासमोर उभी असतानाही ती अशी रडली नव्हती.

"तू त्याला बुडवलंस," ती म्हणाली.

"नाही, किर्स्टीन. तो समुद्रात गेला. या कॅमेऱ्याच्या डबीत तो कधीच नव्हता."

"माहीत आहे मला. आता माहीत आहे." तिनं स्वेटरच्या बाहीला नाक पुसलं. "मला खूप दम लागतोय, आस्गर. मला डॉक्टरांकडे ने."

त्याच संध्याकाळी तिला तालुक्याच्या इस्पितळात दाखल केलं. उशीर झाला होता, पण फार नाही. नाताळला ती घरी होती, गोळ्या वेळच्या वेळी घेत होती आणि त्या कडू आहेत म्हणून आस्गरलाच बोल लावत होती.

फ्लेमिंग त्या गर्दीतून कसा सटकला ते कुणी पाहिलं नाही. गावातले काही जण अजूनही म्हणतात की आस्गरच्या नकारात्मक लहरींनी आत्मे पळाले; त्यांच्या भिंतींवर ते फोटो अजून आहेत. आस्गर त्यांच्याशी भांडत नाही. त्यानं शाळेतली दुर्बीण धक्क्यावरच ठेवली आहे, पाइप आणि चिकटपट्टीसकट, आणि आकाश मोकळं असेल तेव्हा येईल त्याला कॅमेरा लावून चकती फिरवू देतो. हिरवं भूत काढा म्हणतो, घालवा म्हणतो. मग उजेड कमी करून चंद्राचा एक नीट फोटो काढायला लावतो, डोंगर-खड्ड्यांसकट. तो पाहून लोक जे 'अरे देवा' म्हणतात, ते फ्लेमिंगच्या वेळेपेक्षा मोठ्यानं म्हणतात.

आपलं माणूस गेलं की त्याची जागा रिकामी होते आणि रिकामीच राहते. ती भरून काढतो म्हणणारे पुष्कळ येतील. कुणी राख घेऊन, कुणी पाणी घेऊन, कुणी कॅमेरा घेऊन. त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या पाया पडू नका. फक्त म्हणा, हे तुमचं यंत्र जरा माझ्या हातात द्या, मला फिरवून बघू द्या. खरं असेल तर ते आपल्या हातातही खरंच राहील. आणि जो द्यायला तयार नाही, त्याच्या थंडीनं गेलेल्या बॅटरीवर आपलं आयुष्य टांगू नका.